भिडेचा भार

‘भीड ही भिकेची बहीण’ अशी एक म्हण आपल्या भाषेंत आहे. शिक्षकाच्या पेशांत आम्हीं ३४ वर्षें काढलीं. तेवढ्या अवधींत ही म्हण किती मुलांना समजावून दिली असेल आणि तिचा ‘वाक्यांत उपयोग’ किती उत्तरपत्रिकांतून तपासला असेल, याची गणती नाहीं. मुलें बहुधा असें लिहीत, कीं एका गृहस्थानें भिडेखातर मित्रास पैसे उसने दिले व तो स्वतः कंगाल झाला. आम्ही त्यास पुरे गुण देत असूं. परंतु भीड ही केवळ पैशाचीच भीक मागावयास लावते असें नव्हे. ती मनुष्यास वेळेची, झोंपेची, प्रकृतीची, फार काय, पोटच्या मुलाच्या सहवासाचीही भीक मागावयास लावते. हा अर्थ आम्हांस पेन्शन घेऊन घरीं बसल्यावर, आमच्याच सुनेच्या अनुभवावरून कळला. ज्या घरांत शाळेंत जाणारें मूल आहे अशा प्रत्येक घरास तो थोडाबहुत उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून तो येथें सांगण्याचें योजिलें आहे.

पुण्याच्या घरांत आम्ही सात माणसें एकत्र राहतों: आम्ही उभयतां, आमच्या वडील भगिनी आक्का, चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडें. ज्या वर्षाची ही हकीकत, त्या वर्षीं थोरली नात चौथींत होती व धाकटा नातू बालवर्गांत. सूनबाई एका कचेरींत नोकरी करते. जूनमध्यें शाळेची पहिली पालकसभा झाली. अशा सभा आम्हीं टेबलाच्या पलीकडच्या बाजूनें पुष्कळ पाहिल्या आहेत. वर्गशिक्षिका विचारतात, “आपल्या वर्गाच्या वतीनं पालक-शिक्षक संघाचं काम कोण पाहील?” आणि एकाएकीं शांतता पसरते. कोणी हातांतल्या मोबाईलकडे पाहूं लागतो, कोणी पायांतल्या चपलेकडे. अशा वेळीं कामाची हौस असलेल्याचा हात वर जातो असें समजूं नये. ती शांतता ज्याला सर्वांआधीं असह्य होते, त्याचा जातो. त्या दिवशीं तो आमच्या सूनबाईचा गेला.

पहिल्या महिन्यांत काम किरकोळ होतें. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना टाकणें, ओळखपत्रांसाठीं फोटो गोळा करणें, इतकेंच. परंतु ‘करते’ म्हणणारें माणूस सांपडलें कीं कामें वाट विचारीत त्याच्याच दारीं येतात. श्रावणांत वाचनालयाच्या पुस्तकांना कव्हरें घालणें आलें, भाद्रपदांत गणपतीची आरास आली, दिवाळीच्या आधीं किल्ल्यांची स्पर्धा, मग सहलीचीं संमतिपत्रें, बसवाल्याशीं घासाघीस, औषधांची पेटी, मग विज्ञान-प्रदर्शन, आणि शेवटीं डिसेंबरांत स्नेहसंमेलन. प्रत्येक वेळीं फोन येई, आणि प्रत्येक वेळीं सूनबाईचें उत्तर ठरलेलें: “होईल, मी बघते.” रात्रीं सर्वांचीं जेवणें आटोपल्यावर ती टेबलावर याद्या मांडून बसे. आम्ही मध्यरात्रीं पाणी प्यावयास उठलों तरी तेथला दिवा जळतच असे.

खरें सांगावयाचें तर आम्हां घरच्यांना याचा अभिमानच वाटे. ‘आमच्या सूनबाईवांचून शाळेचें पान हलत नाहीं’ असें आम्ही संध्याकाळीं फिरावयास जातांना बरोबरीच्या पेन्शनर मंडळींस सांगत असूं. आक्का मात्र मधून मधून म्हणत, “या लष्कराच्या भाकऱ्या किती दिवस भाजायच्या?” आम्ही त्यांनाच गप्प बसवीत असूं. सूनबाईच्या डोळ्यांखालीं आलेलीं काळीं वर्तुळें आम्हांस दिसत नव्हतीं असें नाहीं. पाहून न पाहिल्यासारखें केलें, हेंच खरें.

संमेलनाचा दिवस उजाडला. चौथीच्या ४२ मुलांचे पोशाख सूनबाईच्या अंगावर होते; ते भाड्यानें आणण्यापासून तों टांचण्या लावण्यापर्यंत सर्व तीच करीत होती. आमच्या नातीला एका नाटिकेंत काम होतें. दोनच वाक्यें, परंतु तीं तिनें तीन आठवडे घोकलेलीं, आणि ऐकून ऐकून घरांत आम्हां सर्वांना पाठ झालेलीं. तिला नऊवारी लुगडें नेसावयाचें होतें. आम्ही तिसऱ्या रांगेंत बसलों होतों. नाटिका सुरू झाली आणि संपली. नात रंगमंचावर आलीच नाहीं. तिचीं वाक्यें दुसऱ्याच एका मुलीनें म्हटलीं. आंत जाऊन पाहतों तों पोर घडी न मोडलेलें लुगडें छातीशीं धरून कोपऱ्यांतल्या खुर्चीवर बसलेली. रडतही नव्हती.

रात्रीं सूनबाईनें तिला जवळ घेऊन विचारलें, “अगं, मला हांक कां नाहीं मारलीस?”

नात म्हणाली, “मारली ना, आई. दोनदां मारली. तूं दोन्ही वेळां ‘आलेच’ म्हणालीस.”

आमचा स्वतःचा अपराध

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं, त्याचें कारण मात्र निराळें होतें. तालुक्याच्या गांवीं एका शाळेंत आम्ही शिक्षक असतांना तेथें एक पालक होते. त्यांचें सायकल-दुरुस्तीचें लहानसें दुकान होतें, आणि मुलगा आमच्या शाळेंत. बांक मोडला, त्यांना चिठ्ठी. सहलीला गाडी पाहिजे, त्यांना चिठ्ठी. संमेलनाचा मांडव घालावयाचा, पुन्हां त्यांनाच चिठ्ठी. ती चिठ्ठी मुलाच्या हातीं धाडणारे आम्हीच. ते कधीं ‘नाहीं’ म्हणाले नाहींत, आणि म्हणून आम्हीं दुसऱ्या कोणास कधीं विचारलें नाहीं. असें सहा वर्षें चाललें. सातव्या वर्षीं त्यांचा मुलगा शाळेंतून बाहेर पडला. आणि त्या वर्षीं मांडव कोठून येतो, भाडें काय द्यावयाचें, वीज कोणाच्या घरून घ्यावयाची, हें शाळेंत एकालाही ठाऊक नव्हतें! संमेलन दोन महिने पुढें ढकलावें लागलें.

पुष्कळ वर्षांनंतर ते गृहस्थ आम्हांस एस्. टी. च्या थांब्यावर भेटले. बोलतां बोलतां म्हणाले, “गुरुजी, संमेलनाच्या आठवड्यांत दर वर्षीं माझं दुकान बंद असायचं. त्याचं कांहीं नाहीं. पण तुम्हीं दुसऱ्या कोणाला एकदां तरी विचारून पाहायचं होतं.”

जो ‘नाहीं’ म्हणत नाहीं त्यालाच विचारावयाचें, हा शाळांचा आळस आहे. आणि जो कधींच ‘नाहीं’ म्हणत नाहीं, तो नकळत त्या आळसास खतपाणी घालतो. आम्ही एका घरांत आळस करणाऱ्याच्या बाजूनें होतों, दुसऱ्या घरांत त्याचें फळ भोगणाऱ्याच्या. म्हणून पुढील चार शब्द अधिकारवाणीनें नव्हे, तर अनुभवी अपराध्याच्या वाणीनें लिहीत आहों, असें वाचकांनीं समजावें.

‘नाहीं’ तोंडांतून कां निघत नाहीं?

पहिलें कारण अर्थात् भीड. मुख्याध्यापिका स्वतः बोलल्या, त्यांना कसें नाहीं म्हणावयाचें? दुसरें कारण याहून खोल आहे: आपण नकार दिला तर त्याचा परिणाम मुलावर होईल, ही धास्ती. याविषयीं शिक्षक या नात्यानें आम्ही खरें तेंच सांगतों. जो पालक वारंवार दिसतो त्याचें मूल शिक्षकाच्या लवकर ओळखीचें होतें, हें नाकबूल करितां येत नाहीं. परंतु अमक्याच्या आईनें या खेपेस खाऊचें काम घेतलें नाहीं, म्हणून त्या मुलाकडे वांकड्या नजरेनें पाहण्याइतकी फुरसत शिक्षकाला नसते. त्याच्यापुढें चाळीस-पन्नास मुलें बसलेलीं असतात. काम कोणीं घेतलें हें त्याच्या लक्षांत राहतें. कोणीं घेतलें नाहीं हें तो संध्याकाळपर्यंत विसरलेला असतो.

तिसरें कारण गोड आहे, आणि म्हणूनच घातक आहे. आपल्यावांचून अडतें, ही जाणीव मनास फार सुखविते. घरांतल्या कामाला कोणी शाबासकी देत नाहीं. शाळेंत टाळ्यांच्या गजरांत नांव घेतात. घरानें जें कौतुक करावयास हवें होतें तें न केल्यामुळें घरची बाई बाहेर त्यासाठीं झिजते, हें आम्हां वडील मंडळींनीं ध्यानांत ठेविलें पाहिजे. चौथें कारण म्हणजे ‘आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाहीं’ ही म्हण. कष्टाळू माणसानें ती जन्मभर उराशीं धरलेली असते. दुसऱ्यास सांगितलें तर तो उशीर करील, चुकेल, शेवटीं आपल्यालाच निस्तरावें लागेल. त्यापेक्षां आपणच केलेलें बरें! असें म्हणत म्हणत तो सगळें ओढून घेतो, आणि मग कोणी मदतीला येत नाहीं म्हणून कुरकुरतो.

यांत आपल्या बोलण्याच्या रीतीचाही दोष आहे. आपल्या समाजांत ‘नाहीं’ हा शब्द स्पष्टपणें क्वचित् उच्चारला जातो. आपण म्हणतों, ‘बघूं’, ‘प्रयत्न करतों’, ‘जमलं तर येतों’. बोलणाऱ्याच्या मनांत तो नकार असतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनांत होकार. अशाच एका ‘बघूं’च्या भरंवशावर शंभर मुलांच्या पोह्यांची वाट पाहत आम्ही स्वतः शाळेच्या फाटकाशीं उभे राहिलों आहों. स्पष्ट नकारानें एक दिवस वाईट वाटतें. ‘बघूं’नें ऐन वेळीं फजिती होते. होणार नाहीं असें काम वेळेवर नाकारणें हें उद्धटपणाचें नव्हे, सत्यवचनाचें लक्षण आहे.

निषेधाचे दोन प्रकार

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशीं सूनबाई म्हणाली, “बाबा, मी आजच बाईंना कळवते. यापुढं शाळेचं कांहींच करणार नाहीं.”

आम्ही म्हणालों, “सूनबाई, हा प्रसज्यप्रतिषेध झाला. तूं पर्युदास शीक.”

ती आमच्याकडे पाहतच राहिली. हें प्रकरण असें आहे. संस्कृत व्याकरणांत व मीमांसेंत निषेधाचे दोन प्रकार मानिले आहेत. प्रसज्यप्रतिषेधांत नकाराचा संबंध क्रियेशीं असतो: अमुक करावयाचें नाहीं, येथें विषय संपला. पर्युदासांत नकाराचा संबंध नामाशीं असतो, आणि त्यांतून ‘अमुक सोडून त्याच्यासारखें दुसरें’ असा अर्थ निघतो. कोणी ‘अनश्व आण’ म्हटलें तर रिकाम्या हातानें परत यावयाचें नसतें. घोडा सोडून त्याच्यासारखें दुसरें एखादें जनावर आणावयाचें असतें. पहिला निषेध दार लावून घेतो. दुसरा एक दार लावतो आणि शेजारचें उघडतो.

रागाच्या भरांत मनुष्य नेहमीं पहिला प्रकार करतो. दोन महिन्यांनीं राग ओसरतो, पुन्हां फोन येतो, आणि तो पूर्वीसारखाच गळ्यापर्यंत बुडतो. याउलट, “पोशाखांचं सगळं काम मला झेपणार नाहीं, पण मापांची यादी मी करून देते,” किंवा “शनिवारीं मला येतां येणार नाहीं, हिशेब मात्र घरीं बसून तपासून देईन,” असें म्हणणाऱ्याचा नकार कोणास टोंचत नाहीं आणि त्याच्या अंगावरही येत नाहीं. आपण नक्की काय करणार आणि काय करणार नाहीं, हें दोघांनाही त्याच क्षणीं कळतें.

असा नकार देतांना पाळावयाचीं पथ्यें थोडींच आहेत. तेथल्या तेथें उत्तर देऊं नये; “उद्यां सकाळीं कळवते” म्हणावें, आणि सकाळीं खरोखरच कळवावें. कारणांची माळ लावूं नये. एक कारण पुरे. चार कारणें सांगितलीं कीं समोरचा मनुष्य तीं एकेक करून सोडवूं लागतो, आणि शेवटीं आपल्यापाशीं कारणच उरत नाहीं. खोटें कारण तर कधींच देऊं नये, कारण पुढच्या पालकसभेंत तेंच विचारलें जातें. आणि काम घ्यावें कीं न घ्यावें असा संशय पडल्यास मनाशीं दोन प्रश्न करावे: हें काम मींच करावें असें यांत काय आहे? आणि हें मी करीत असतांना माझें स्वतःचें मूल कोठें असेल?

दोन कामें मात्र अशीं आहेत, कीं त्यांना प्रसज्यप्रतिषेधच योग्य. शाळेचा किंवा संघाचा पैसा एकट्याच्या हातीं ठेवणें हें पहिलें. वर्गणी दोघांनीं मिळून गोळा करावी, प्रत्येक खर्चाची पावती ठेवावी, आणि कार्य संपतांच हिशेब सर्वांपुढें मांडावा. तसें होणार नसेल तर पैशास शिवूं नये. आणि दुसरें, जें काम सर्वस्वीं शाळेच्या कचेरीचें आहे, उदाहरणार्थ फी थकलेल्या पालकांकडे तगादा लावणें, तें पालकानें पालकाविरुद्ध करूं नये.

एका चाकाची गाडी

नकार हा अर्धाच उपाय झाला. आपण सोडलेलें काम कोणीतरी करावयास हवें. एरव्हीं मुलांचेंच नुकसान. येथें काम वांटून देण्याची विद्या उपयोगीं पडते. तिला पुष्कळ लोक कामचुकारपणा समजतात. कौटिल्यानें राजाला सहाय्यक कां हवेत हें सांगतांना एका चाकानें गाडी चालत नाहीं, असा दाखला दिला आहे. ज्याच्या हातीं सगळें राज्य, त्याची ही अवस्था. मग चौथीच्या वर्गप्रतिनिधीची काय कथा!

आमच्या पेशाचाच इतिहास पाहावा. जुन्या गांवठी शाळेंत एकच पंतोजी सर्व वयांच्या मुलांना शिकवीत असत. तें कसें साधे? मोठीं मुलें लहानांकडून अक्षरें गिरवून घेत व पाढे म्हणवून घेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख डॉ. अँड्र्यू बेल यांनीं एका देशी शाळेंत मुलें वाळूवर अक्षरें काढतांना पाहिलीं, आणि ती रीत आपल्या शाळेंत आणण्याचें ठरविलें. त्यांच्या हाताखालचे शिक्षक तयार होईनात, तेव्हां त्यांनीं आठ वर्षांच्या एका मुलावर लहानांचा वर्ग सोंपविला. त्या मुलानें तो उत्तम चालविला. १७९७ सालीं बेल यांनीं या प्रयोगावर पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि पुढें ही पद्धति ‘मद्रास पद्धति’ या नांवानें इंग्लंडांतील शाळांतून पसरली. आठ वर्षांचें मूल वर्ग चालवूं शकतें. मग चाळीस वर्षांच्या पालकास खाऊचीं पाकिटें मोजतां येणार नाहींत, असें कां समजावें?

आजचा कायदाही हेंच सांगतो. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतून शाळा व्यवस्थापन समिति नेमण्यास सांगितलें आहे. तिचे निदान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. निम्म्या स्त्रिया म्हटल्यावर उरलेले निम्मे कोण, हें सांगावयास गणिताचा शिक्षक नको. पण पालकसभेंत ते निम्मे क्वचित् दिसतात. खाजगी शाळांच्या फीविषयीं महाराष्ट्रानें २०११ सालीं जो कायदा केला, त्यांत पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवर इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून प्रत्येक इयत्तेचा पालक घ्यावा, अशी योजना आहे; आणि एकदां समितीवर राहिलेल्या पालकानें पुढचीं तीन वर्षें पुन्हां येऊं नये, असेंही मूळ कायद्यांत घातलें होतें. कायदा करणारांना एकच ‘आधारस्तंभ’ नको होता. पुष्कळ हात हवे होते.

वहींतील २९ कामें

जानेवारींत सूनबाईनें एक वही घेतली आणि वर्षभरांत केलेलीं सर्व शाळेचीं कामें लिहून काढलीं. तीं २९ भरलीं. त्यांपैकीं स्वतःकडे तिनें चार ठेवलीं. उरलेल्या प्रत्येक कामापुढें ‘हें आणखी कोणाला येईल?’ असा प्रश्न लिहिला. येथें तिला पहिला शोध लागला. ग्रुपवर “कोणी मदत करेल का?” असें विचारणें म्हणजे कोणालाच न विचारणें होय. शंभर जण तें वाचतात, आणि प्रत्येकास वाटतें कीं उरलेले ९९ आहेतच. म्हणून तिनें एकेका पालकास निराळें गांठून एकेकच काम विचारलें. वर्षभर सभेंत मागच्या बांकावर गप्प बसणारे एक गृहस्थ हिशेबाचें काम ऐकून म्हणाले, “मी तेंच करतों दिवसभर. मला कोणीं कधीं विचारलंच नाहीं.” एका विद्यार्थिनीची आजी शिवणकामांत तरबेज निघाली. वाचनालयाच्या पुस्तकांना कव्हरें घालण्याचें काम आमच्याकडे आलें. आमच्यासारखे आणखी तीन आजोबा आतां त्यांत आहेत. एकत्र कुटुंबांतील रिकामीं वडील माणसें हा शाळांनीं न उघडलेला ठेवा आहे.

काम सोंपवितांना तें तुकड्यातुकड्यांनीं सोंपवूं नये. “एवढं दुकानांतून आणून द्या” हा निरोप झाला, “बक्षिसांचं काम तुमचं, इतके पैसे, इतकीं मुलं, अमुक तारीख” हें काम झालें. निरोप्याला डोकें चालवावें लागत नाहीं, म्हणून त्याचें मनही कामांत बसत नाहीं. मध्यें एकदां विचारपूस करावी, रोज करूं नये. काम पार पडल्यावर ज्यानें तें केलें त्याचेंच नांव सभेंत घ्यावें. आणि प्रत्येक कामाचा तपशील, म्हणजे दुकान कोणतें, दर काय, किती दिवस आधीं सांगावें लागतें, हें वहींत नोंदवून ठेवावें. आमच्या त्या सायकलवाल्या पालकाचें सर्व ज्ञान त्याच्या डोक्यांत होतें, तें त्याच्याबरोबर शाळेबाहेर गेलें. वही असती तर तें शाळेंत राहिलें असतें.

सर्वांत कठीण पथ्य शेवटचें: दिलेलें काम परत घेऊं नये. २६ जानेवारीच्या खाऊचें काम एका तरुण वडिलांकडे दिलें होतें. झेंडावंदनानंतर मोजतात तों पाकिटें तीस कमी! सूनबाई पर्स उचलून निघालीच होती. पण दारापाशीं थबकली. ते गृहस्थ स्वतः स्कूटरवरून गेले आणि अर्ध्या तासांत तीस पाकिटें घेऊन आले. तेवढा वेळ मुलांकडून देशभक्तिपर गीतें म्हणवून घेतलीं, यापलीकडे कांहीं अनर्थ झाला नाहीं. पुढच्या वर्षीं त्यांनींच तें काम मागून घेतलें, आणि पांच पाकिटें उरलीं. सूनबाईनें त्या दिवशीं धांव घेतली असती, तर तीं तीस पाकिटें आलीं असतीं, पण तो मनुष्य शाळेला मिळाला नसता.

घरच्यांनीं काय करावें

शाळेचें काम असें वांटून झाल्यावर एके रात्रीं सूनबाईनें हंसत विचारलें, “बाबा, शाळेचं वांटलं. घरचं कधीं वांटायचं?” या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, पर्युदास शिकविणारा मनुष्य स्वतः आयता चहा पीत बसला होता. त्याच वहींत मागच्या पानापासून घरचीं कामें लिहिलीं. दूध आणणें व नातवंडांना बसच्या थांब्यावर पोंचविणें आमच्याकडे आलें. शुद्धलेखन आक्कांकडे गेलें. संकष्टीचे मोदक सूनबाईनेंच उकडावेत, हा हट्ट आमच्या सौभाग्यवतींनीं सोडला. सकाळचे डबे चिरंजीवांकडे आले. पहिल्या आठवड्यांत भाजी रोज खारट होत होती, आणि सौभाग्यवती रोज पदर खोंचून पुढें होत होत्या. तेव्हां ‘दिलेलें काम परत घेऊं नये’ हें पथ्य आम्हांस त्यांनाही सांगावें लागलें. आतां भाजी बरी होते.

कोणी म्हणेल, सगळेच ‘नाहीं’ म्हणूं लागले तर शाळा चालावयाच्या कशा? आमचें उत्तर असें, कीं आज पुष्कळसे पालक ‘नाहीं’ न म्हणतांच कांहीं करीत नाहींत, आणि एक-दोघे ‘होय’ म्हणून मरतात. ज्याला योग्य वेळीं नाहीं म्हणतां येतें, त्याच्याच ‘होय’वर विसंबून राहतां येतें. बाकी ‘गांव करील तें राव काय करील’ हें आपल्या पूर्वजांनीं सांगूनच ठेविलें आहे. आणि जे शिक्षकबंधु व भगिनी हा लेख वाचतील त्यांना विनंती एवढीच, कीं चिठ्ठी लिहितांना नेहमींचें नांव लिहिण्यापूर्वीं हजेरीपट एकदां पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावा.

पुढच्या डिसेंबरांत पुन्हां संमेलन झालें. नात आतां पांचवींत होती. या खेपेस सूनबाईकडे दहा मुलींना लुगडीं नेसविण्याचें काम होतें, आणि त्या दहांत आमची नात होती. तें आटोपून ती तिसऱ्या रांगेंत आमच्याशेजारीं येऊन बसली. नाटिका सुरू होणार इतक्यांत तिच्या पर्समधला फोन वाजला. सामानाच्या खोलीची किल्ली कोणास सांपडत नव्हती. जुन्या संवयीनें ती अर्धी उठली, मग खालीं बसली आणि हळू आवाजांत म्हणाली, “किल्ली यंदा माझ्याकडे नाहीं. रंगमंच जे बघतायत ना, त्यांच्याकडे आहे, त्यांना विचारा.” एवढें बोलून तिनें फोन बंद करून पर्समध्यें टाकला.

पडदा वर गेला. नातीला या वर्षीं तीन वाक्यें होतीं, आणि तीं आम्हां सर्वांना पाठ होतीं. तिनें दुसरें वाक्य पहिल्याच्या आधीं म्हटलें. आमच्या रांगेखेरीज तें कोणाच्याही लक्षांत आलें नाहीं.